मॅन्युअल नसलेला जुना सर्व्हो ड्राइव्ह: भंगारातून टेबलावर, टेबलावरून मशीनवर

भोसरी-चाकणकडे एखादं जुनं सीएनसी (संगणकाने चालणारं) मशीन मोडीत निघालं की त्याच्या पॅनेलमधले सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग आणि जागा नेमकी सांभाळणारे कंट्रोलर, बहुधा किलोच्या भावाने जातात. केबली कटरने कापलेल्या, कनेक्टर गायब, ड्राइव्ह एका ढिगात आणि मोटर दुसऱ्या ढिगात. अशी जोडी हाती लागली की मॅन्युअलचा शोध सुरू होतो. ते मिळालं नाही, की माल पुन्हा कोपऱ्यात जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. वीस वर्षांपूर्वीचा धड ड्राइव्ह आजही लाकडाच्या राउटरला, वाइंडिंग मशीनला किंवा छोट्या एसपीएमला (एकाच कामासाठी बनवलेल्या मशीनला) उत्तम काम देतो.

कोणत्याही कंपनीचा सर्व्हो ड्राइव्ह घ्या, त्याला चार गोष्टी लागतात: वीज, मोटरकडून फीडबॅक (ती किती फिरली याची माहिती), चालण्याची परवानगी आणि किती चालायचं याची कमांड. मॅन्युअल नसेल तेव्हा याच क्रमाने एकेक शोधायची, आणि आधीची पक्की झाल्याशिवाय पुढचीला हात लावायचा नाही. टेबलावर जळलेले जे ड्राइव्ह मी पाहिले, त्यांतले बहुतेक हा क्रम मोडल्यामुळे गेलेले होते.

उदाहरणासाठी मी अधूनमधून मित्सुबिशीच्या एमआर-जे२एस मालिकेकडे येईन. तिच्या पिना मला पाठ आहेत, त्यामुळे खाली सांगितलेल्या पद्धतीने नेमकं काय सापडतं ते पडताळून पाहता येईल.

घेण्याआधी नेमप्लेट वाचा

निम्मं मॅन्युअल नेमप्लेटवरच असतं. एमआर-जे२एस-६०ए या ड्राइव्हच्या पट्टीवर तीन फेज २०० ते २३० व्होल्टला ३.२ अँपिअर, एक फेज २३० व्होल्टला ५.५ अँपिअर आणि आउटपुट १७० व्होल्ट, ० ते ३६० हर्ट्झ, ३.६ अँपिअर असं छापलेलं असतं. म्हणजे हा ६०० वॉटचा ड्राइव्ह घरच्या २३० व्होल्टवर चालतो. या मालिकेत ७०ए पर्यंतचे सगळे एक फेजवर चालतात.

घोटाळा होतो तो मोठ्या ड्राइव्हच्या बाबतीत. जपानमध्ये कारखान्याचा तीन फेज पुरवठा २०० व्होल्टचा असतो, आपल्याकडे तो ४१५. ड्राइव्हवर एल१, एल२, एल३ लिहिलेलं दिसलं म्हणून सरळ आपला तीन फेज जोडला, तर आतल्या डीसी बसवर (एसीचा डीसी होऊन साठतो तिथे) ५८७ व्होल्ट येतात. तिथले कपॅसिटर मात्र ४०० व्होल्टच्या आसपासचे असतात. एका शेडमध्ये हे माझ्यासमोर झालं. एमसीबी पडायच्या आत कपॅसिटर फुटले होते. २०० व्होल्ट क्लासच्या तीन फेज ड्राइव्हला ४१५ वरून २०० करणारा ट्रान्सफॉर्मर लागतोच. त्याचा खर्च आधीच हिशेबात धरा.

काही ड्राइव्ह तिथेच सोडून यावेत, हे माझं स्पष्ट मत आहे. मित्सुबिशीच्या मॉडेल क्रमांकात शेवटी ए असेल तर तो पल्स (विजेचे ठोके) आणि अ‍ॅनालॉग कमांड घेतो. बी असेल तर तो एसएससीनेट या बंद जाळ्यावरच बोलतो. फॅनुकच्या अल्फा मालिकेतल्या ड्राइव्हना कंट्रोलरकडून थेट पीडब्ल्यूएम सिग्नल (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारे ठोके) किंवा फायबरची जोडणी लागते. म्हणजे ड्राइव्हचा मेंदू सीएनसीतच राहिलेला असतो. सीमेन्स सिमोड्राइव्ह ६११ सारख्या मॉड्युलला स्वतःचा एसी पुरवठाच नसतो, शेजारच्या पॉवर मॉड्युलकडून पट्टीने डीसी येतो. तो शेजारी मिळत नसेल तर एकट्या अ‍ॅक्सिस मॉड्युलचा उपयोग नाही. अशा वेळी मोटर तेवढी घ्या. तिला दुसरा ड्राइव्ह लावता येतो.

दुकानदाराला आणखी एक विनंती करा. मशीन अजून जागेवर असेल, तर केबल कापताना दोन्ही टोकांना वीतभर शेपूट ठेवायला सांगा. मोटरच्या शेपटातला निळा आणि ड्राइव्हच्या शेपटातला निळा ही एकच वायर असते. या एका गोष्टीने पुढचं दोन दिवसांचं काम वाचतं.

वीज न देता तपासणी

आधी सुरक्षेचं. बस कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्ट साठतात आणि पुरवठा बंद केल्यावरही काही मिनिटं टिकतात. चार्ज असं लिहिलेला दिवा विझला तरी त्यावर विसंबू नका. पी आणि एन (बसचा धन आणि ऋण) टर्मिनलवर मीटर लावून २० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा, मगच हात घाला. एन बाहेर काढलेलं नसेल, तर मोठ्या कपॅसिटरच्या ऋण पायावर मोजा.

मग मल्टीमीटर डायोडवर ठेवा. लाल प्रोब एनवर आणि काळी पाळीपाळीने मोटरकडे जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यूवर. तिन्ही ठिकाणी ०.३ ते ०.५ च्या दरम्यान जवळपास सारखं वाचन यायला हवं. आता काळी पीवर आणि लाल यू, व्ही, डब्ल्यूवर, पुन्हा तसंच. प्रोब उलट केल्यावर वाट बंद दिसली पाहिजे. कुठेही शून्य आलं तर आयजीबीटी मॉड्युल (मोटरला करंट देणारे स्विच) शॉर्ट आहे आणि त्या ड्राइव्हला वीज द्यायची नाही. एल१, एल२, एल३ वर हीच तपासणी केली की रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) धड आहे का ते कळतं.

झाकण काढलंच आहे तर फुगलेले कपॅसिटर, काळवंडलेला व्हॅरिस्टर, पंख्यात अडकलेला धातूचा चुरा पाहून घ्या. मशीन शॉपमधल्या ड्राइव्हच्या बोर्डावर कूलंटच्या तेलाचा थर आणि त्यात बसलेला लोखंडाचा बुरा हमखास असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो धुवा आणि बोर्ड दिवसभर वाळू द्या. टर्मिनलवरच्या जोडपट्ट्याही मोजा. जे२एसच्या लहान ड्राइव्हमध्ये पी आणि डी यांच्यात एक जोड असतो. तो नसेल तर आतला ब्रेकिंग रेझिस्टर (थांबताना मोटरने परत ढकललेली वीज जिरवणारा) तुटलेला राहतो. भंगारात हा जोड नेहमी हरवतो.

पहिली वीज

कंट्रोलचा (ड्राइव्हच्या मेंदूचा) आणि मेनचा (मोटरच्या ताकदीचा) पुरवठा वेगळा आहे का ते बघा. मित्सुबिशीत कंट्रोलला एल११, एल२१ आणि यास्कावात एल१सी, एल२सी म्हणतात. वेगळा असेल तर काम सोपं. आधी फक्त कंट्रोलला सिरीज लॅम्पमधून (वाटेत जोडलेल्या बल्बमधून) २३० व्होल्ट द्या. बल्ब जुना तारेचाच हवा, ६० किंवा १०० वॉटचा. एलईडी बल्ब इथे चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला आणि डिस्प्लेवर काही उमटलं, तर मेंदू जिवंत आहे. बल्ब भरून पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

मेनकडे जरा धीर धरावा लागतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा आतला ऑक्साइडचा थर क्षीण होतो. एकदम पूर्ण दाब दिला तर गळती वाढून ते तापतात. ड्राइव्ह दोन वर्षांहून जास्त पडून असेल, तर डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) मेन टर्मिनलना पाव, निम्मा, पाऊण आणि मग पूर्ण दाब द्या, प्रत्येक पायरीवर अर्धा तास. बल्ब सिरीजमध्ये राहू द्या. कंट्रोल पुरवठा वेगळा नसलेल्या ड्राइव्हमध्ये आतला एसएमपीएस (कंट्रोलला वीज देणारा छोटा पुरवठा) निम्म्या दाबावर धडपडत चालू-बंद होतो. त्या टप्प्यावर जास्त वेळ थांबू नका. शेवटी बसवर सुमारे ३२५ व्होल्ट दिसले आणि कपॅसिटर गार राहिले, की विजेचं काम झालं. मोटर लावण्यापूर्वी बल्ब काढून योग्य रेटिंगचा एमसीबी लावा, नाहीतर मोटरने करंट ओढताच बसचा दाब कोसळेल.

डिमरस्टॅट मेनपासून वेगळेपणा देत नाही. त्याच्या आउटपुटलाही झटका तेवढाच बसतो. आणि ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप पॉवर बाजूला कधीही लावायची नाही. ती अर्थशी जोडलेली असते, त्यामुळे बस सरळ अर्थला शॉर्ट होते.

मोटर आणि एन्कोडर

मोटरच्या यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू या तिन्ही जोड्यांचा रोध सारखा हवा. लहान मोटरमध्ये तो काही ओम असतो. बॉडीशी ५०० व्होल्ट मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावा, पण मोटर ड्राइव्हपासून सोडवूनच, आणि एन्कोडरच्या (फिरणं मोजणाऱ्या भागाच्या) वायरींना मेगर कधीही नाही. शाफ्ट हाताने फिरतच नसेल तर मोटर जाम आहे असं समजून जोर लावू नका, ती बहुधा ब्रेकवाली असते. जास्तीच्या दोन वायरी शोधा, त्यांच्यात काही दहा ते शंभरेक ओम दिसले तर २४ व्होल्ट डीसी देऊन ब्रेक सुटतो का ते पाहा.

शाफ्टवर अडकलेली पुली हातोड्याने काढू नका. मागच्या बाजूला एन्कोडर आहे, त्यात काचेची चकती असू शकते. पुलरच वापरा. एन्कोडर उघडून त्याचे स्क्रू सोडवू नका. त्याची जागा रोटरच्या चुंबकांशी जुळवलेली असते, ती हलली की मोटर ताकद देत नाही किंवा उलटी धावते.

एन्कोडरचा प्रकार वायरी मोजून बराचसा कळतो. चार ते सहा वायरी असतील तर तो सिरियल, म्हणजे पुरवठा, डेटाची एखाद-दुसरी जोडी आणि काहींत बॅटरी. आठ वायरी असतील तर ए, बी, झेड आणि त्यांच्या उलट्या जोड्या, अधिक पुरवठा. चौदा असतील तर त्यात रोटरची स्थिती सांगणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू या कम्युटेशन सिग्नलच्या सहा वायरी वाढलेल्या. सहाच वायरी आणि त्या काही दहा ओमांच्या तीन वेगळ्या कॉइलमध्ये विभागलेल्या दिसल्या, तर तो रिझॉल्व्हर (कॉइलवर चालणारा फीडबॅक). त्याला ५ व्होल्ट लागतच नाही. सिरियल एन्कोडर त्याच्याच मालिकेच्या ड्राइव्हशी बोलतो, म्हणून अशी मोटर नेहमी जोडीने घ्या.

आधी ड्राइव्हच्या एन्कोडर कनेक्टरवर मोटर न जोडता ५ व्होल्ट कुठे येतात ते मोजून कागदावर लिहा. हे ५ व्होल्ट चुकून डेटाच्या वायरीवर गेले तर एन्कोडर संपला, आणि नवीन एन्कोडरची किंमत जुन्या मोटरहून जास्त होते.

यू, व्ही, डब्ल्यूबद्दल एक सवय मोडावी लागेल. साध्या इंडक्शन मोटरची दिशा उलटवायला आपण दोन फेज बदलतो. सर्व्होत तसं केलं तर फीडबॅक आणि फिरणं यांचा मेळ तुटतो, मोटर झटका देऊन अलार्म देते किंवा सुसाट पळते. दिशा पॅरामीटरमधून बदलायची. मित्सुबिशीच्या एचसी-केएफएस मोटरमध्ये लाल यू, पांढरी व्ही, काळी डब्ल्यू. रंग ओळखता येत नसतील तर सहा प्रकारे जोडता येतं, त्यांतला एकच बरोबर. टॉर्कची (फिरवण्याच्या ताकदीची) मर्यादा १० टक्क्यांवर आणून एकेक प्रकार करून पाहा. जे२एसमध्ये ही मर्यादा पॅरामीटर २८ मध्ये आहे.

कंट्रोल कनेक्टरच्या पिना कशा ओळखायच्या

इथे मॅन्युअलची उणीव खरी जाणवते, आणि माझ्या मते सर्वात समाधान देणारं कामही इथेच आहे. कनेक्टर बहुतेक वेळा १.२७ मिलिमीटर पिचचा एमडीआर (बारीक पिनांचा एक प्रकार) असतो, २० किंवा ५० पिनांचा. प्लग वेगळा विकत मिळतो. प्रत्येक पिनला लांब वायर सोल्डर करा, नंबर टाका, कागदावर पिनांची चौकट काढा आणि वीज बंद ठेवून मल्टीमीटरच्या बझरने वाट काढत जा.

प्रथम शून्याच्या पिना. कनेक्टरची बॉडी, बोर्डावरचा रुंद तांब्याचा भाग आणि कंट्रोल कपॅसिटरचा ऋण पाय यांच्याशी वाजणाऱ्या पिना एका रंगाने भरा. एकमेकांशी थेट जोडलेल्या दोन-तीन पिना त्यात हमखास निघतात.

मग डिजिटल इनपुट. प्रत्येक इनपुटच्या मागे एक ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोचवणारी चिप) आणि काही किलोओमचा रेझिस्टर असतो, आणि सगळ्या ऑप्टोंची दुसरी टोकं एका कॉमन पिनवर येतात. चार पायांच्या ऑप्टोंची रांग शोधा आणि त्यांचे एकत्र झालेले पाय कोणत्या पिनला जातात ते पाहा. ती पिन सापडली की बेंच सप्लायचा करंट १० मिलीअँपिअरवर बांधा आणि कॉमनला अधिक २४ व्होल्ट देऊन बाकीच्या संशयित पिना एकेक करून शून्याला टेकवा. ५ मिलीअँपिअरच्या आसपास करंट गेला तर ते इनपुट. काही ड्राइव्हमध्ये २४ व्होल्ट आतूनच येतात. कंट्रोल चालू ठेवून मोजलं की ती पिन दिसते.

पल्सच्या पिनांमागे वेगवान ऑप्टो, नाहीतर १६ पायांची एएम२६एलएस३२ ही रिसीव्हर चिप असते. तिचे इनपुट १-२, ६-७, ९-१०, १४-१५ या पायांच्या जोड्यांवर येतात. एन्कोडरचे सिग्नल बाहेर देणारी जुळी चिप एएम२६एलएस३१ आहे. तिचे आउटपुट २-३, ५-६, १०-११, १३-१४ वर असतात. आउटपुटच्या पिनेत बाहेरून सिग्नल ढकलू नये म्हणून हा फरक आधी पक्का करा. १० ते १०० किलोओममधून ऑप-अँपकडे जाणारी पिन म्हणजे अधिक-उणे १० व्होल्टचं अ‍ॅनालॉग इनपुट.

आता जे२एसच्या सीएन१बी या कनेक्टरशी ताडून पाहा. पिन १० आणि २० शून्य, म्हणजे एसजी. ३ वर आतले २४ व्होल्ट, १३ कॉमन. ५ सर्व्हो ऑन, १५ इमर्जन्सी, १६ आणि १७ दोन्ही दिशांचे लिमिट स्विच. शेजारच्या सीएन१ए वर ३ आणि १३ ही पल्सची जोडी, २ आणि १२ दिशेची.

अलार्मला प्रश्न विचारा

परवानगी म्हणजे फक्त सर्व्हो ऑन नव्हे. इमर्जन्सी आणि दोन्ही लिमिट बहुतेक ड्राइव्हमध्ये बंद संपर्काचे (एरवी जोडलेले राहणारे) असतात. ते जोडले नाहीत तर ड्राइव्ह जागचा हलत नाही किंवा एकाच बाजूला जातो. जे२एसमध्ये इमर्जन्सी उघडी असली की ई६ दिसतो. सीएन१बीवर १५, १६, १७ एसजीला आणि ३ हा १३ ला जोडला की तो जातो.

ओळख नसलेल्या ड्राइव्हचे अलार्म कोड मी असे शोधतो: एका वेळी एकच गोष्ट बिघडवायची, वीज द्यायची, कोड लिहायचा, वीज काढायची. एन्कोडरचा प्लग काढून कोणता कोड येतो? मेन न देता सर्व्हो ऑन केला तर कोणता? जे२एस अनुक्रमे १६ आणि ई९ दाखवतो. चुकीची मोटर जोडली तर १ए. अर्ध्या तासात पाच-सहा कोडांचा तुमचाच तक्ता तयार होतो, आणि पुढे मशीनवर काही बिघडलं तर तोच उपयोगी पडतो.

एकही पॅरामीटर बदलण्याआधी सगळे क्रमाने दाखवून मोबाइलवर फोटो काढा. जुन्या मशीनच्या बिल्डरने भरलेल्या संख्या परत मिळत नाहीत.

जॉग आणि कमांड

मोटर टेबलाला क्लॅम्प करा. शाफ्टच्या खाचेतली लोखंडी चावी (की) काढून घ्या, ती सुटून उडते. बहुतेक ड्राइव्हमध्ये बटणांवरून चालणारा जॉग, म्हणजे मोटर नुसती फिरवून पाहण्याची सोय, असतो. यास्कावा सिग्मा-२ मध्ये तो एफएन००२ आहे. जे२एसमध्ये टेस्ट१ वर सेट बटण दोन सेकंद दाबून मग अप किंवा डाउन बटण दाबून धरलं की २०० आरपीएमवर मोटर फिरते. इथे ती गुळगुळीत फिरली तर वीज, फीडबॅक आणि फेज तिन्ही बरोबर आहेत. गुणगुणली तर गेन (प्रतिसादाची तीव्रता) कमी करा.

वेगाचा अ‍ॅनालॉग ड्राइव्ह असेल तर साधा १.५ व्होल्टचा सेल पुरतो. सेल उलटा केला की दिशा उलटली पाहिजे. १० व्होल्टला ३००० आरपीएम असेल तर ४५० आरपीएम मिळतील. सिग्मा-२ मूळ सेटिंगवर ६ व्होल्टला रेटेड वेग धरतो, म्हणून तिथे ७५०.

पल्सच्या ड्राइव्हमध्ये नेहमीची तक्रार अशी: पल्स दिले, पण दिशा बदलली तरी मोटर एकाच बाजूला जाते. कारण मूळ सेटिंग दोन वेगळ्या पल्स वायरींचं असतं, एक पुढे जायला आणि एक मागे. जे२एसमध्ये पॅरामीटर १९ मध्ये ०००सी लिहून, वीज काढून पुन्हा दिली की पुढचे पॅरामीटर खुले होतात. मग २१ मध्ये ०००१ भरा आणि पुन्हा वीज काढून द्या.

जे२एसमध्ये मूळ सेटिंगवर मोटरच्या एका फेऱ्याला १३१०७२ पल्स लागतात. ग्रबल हा सीएनसीचा प्रोग्राम चालवणारा साधा अर्डुइनो बोर्ड सेकंदाला ३०००० पल्स देतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम १४ फेरे. म्हणून इलेक्ट्रॉनिक गिअर, म्हणजे आलेल्या पल्सना गुणणारा भागाकार, लागतो. फेऱ्याला १००० पल्स हवे असतील तर १३१०७२ भागिले १०००, म्हणजेच १६३८४ भागिले १२५. पॅरामीटर ३ मध्ये १६३८४, ४ मध्ये १२५. आता त्याच अर्डुइनोवर १८०० आरपीएम मिळतात, आणि ५ मिलिमीटर पिचच्या बॉलस्क्रूवर एक पल्स म्हणजे ५ मायक्रॉन. लाकडाच्या राउटरला मी हेच ठेवतो. जास्त बारकाई हवी असेल तर फेऱ्याला ४००० पल्स ठेवा, गिअर ४०९६ भागिले १२५, पण ३००० आरपीएमला सेकंदाला २ लाख पल्स देणारा कंट्रोलर घ्यावा लागेल.

मशीनवर

इमर्जन्सी बटण दाबल्यावर मेनचा कॉन्टॅक्टर (मोठा रिले) पडला पाहिजे आणि कंट्रोलचा पुरवठा राहिला पाहिजे, म्हणजे अलार्म वाचता येतो. नुसता सर्व्हो ऑन तोडून भागत नाही. अर्थ ड्राइव्हच्या बॉडीला, मोटरच्या हिरव्या वायरीला आणि पॅनेलला एकाच ठिकाणी आणा. आतल्या फिल्टरमुळे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की पडणारा स्विच) कधीकधी विनाकारण पडतो. तेव्हा अर्थ तोडण्याचा मोह टाळा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

उभ्या अक्षाला ब्रेकवालीच मोटर हवी. सर्व्हो ऑन निघताच ब्रेक लागला पाहिजे. तो बाहेरच्या रिलेने चालवा, ड्राइव्हच्या आतल्या २४ व्होल्टवरून नाही. जे२एसचा तो पुरवठा फक्त ८० मिलीअँपिअरचा आहे.

शेवटी वजन लावून पूर्ण वेगाने पुढे-मागे करत तासभर चालवा. थांबताना ३० किंवा ३३ अलार्म आला, तर मोटरने परत ढकललेली वीज जिरत नाहीये. पी-डीचा जोड पुन्हा मोजा, मग ब्रेकिंग रेझिस्टर, आणि तरीही आला तर थांबण्याचा वेळ वाढवा. एवढं झालं की पिनांची चौकट, अलार्मचा तक्ता आणि भरलेले पॅरामीटर असलेला कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.